पुण्यातील एका अतिदक्षता विभागाबद्दल अभिप्राय : दिवसपाळीला शाबासकी, रात्रपाळीबद्दल तक्रार

पुण्याच्या एका उपनगरातील धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयात माझे थोरले दीर न्यूमोनिया बळावल्यामुळे अतिदक्षता विभागात दाखल होते आणि त्यातला बराचसा काळ ते व्हेंटिलेटरवर होते. ते बरे होऊन घरी आले आहेत हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा मजकूर दुःखाच्या किंवा रागाच्या भरात लिहिलेला नाही हे लक्षात येईल. मी स्वतः मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका होते आणि इनचार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे कोणत्याही रुग्णालयात गेले तरी माझी नजर स्वागतकक्षाच्या झगमगाटाकडे न जाता रुग्णाच्या खाटेशी अडकवलेल्या चार्टकडे जाते. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही. ज्या उणिवा सांगणार आहे त्यांचा जाब व्यवस्थापनाला विचारला जाण्याऐवजी रात्रपाळीच्या एखाद्या पोरीला विचारला जाईल, अशी मला भीती वाटते आणि ती अनुभवातून आलेली आहे.

थोडक्यात सांगायचे तर या विभागातील दिवसाची सेवा मी पाहिलेल्या उत्तम सेवांपैकी आहे. रात्री मात्र तीच यंत्रे आणि तीच औषधे असूनही रुग्णाच्या वाट्याला येणारी सेवा निराळी असते. हा फरक कुणाच्या कामचुकारपणामुळे पडत नाही. दिवसा व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक सिस्टर असते आणि रात्री एका सिस्टरकडे तिघे रुग्ण येतात, हे त्याचे मुख्य कारण आहे.

आधी चांगल्याबद्दल लिहिते. येथे ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णाची माहिती पुढच्या सिस्टरला सोपवणे, खाटेजवळ उभे राहून दिला जातो. अनेक ठिकाणी जाणारी सिस्टर नर्सिंग स्टेशनवर वही उघडून भराभर वाचून दाखवते आणि येणारी सिस्टर एप्रनची गाठ मारत ते ऐकते. येथे मात्र दोघी रुग्णाच्या डोक्यापासून पायापर्यंत एकेक गोष्ट हात लावून पाहत होत्या. घशातील नळी ओठांशी किती सेंटीमीटरवर बांधली आहे, तिच्या फुग्याचा दाब २० ते ३० सेंटीमीटर पाण्याच्या हद्दीत आहे का, सेंट्रल लाइनच्या, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या, ड्रेसिंगवर कोणती तारीख आहे, पंपातून जाणारे औषध किती मिलिलीटरने सुरू आहे आणि ते संपायला किती वेळ आहे, हे सगळे झाल्यावर दोघींनी मिळून रुग्णाला कुशीवर घेतले आणि पाठ पाहिली. पाठ पाहिल्याशिवाय ओव्हर पुरा झाला असे मी माझ्या विभागात कधी मानले नाही, त्यामुळे हे पाहून मला मनापासून बरे वाटले.

तोंडाची निगाही तशीच चोख होती. व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे दात ब्रशने घासले तर न्यूमोनियाचा धोका कमी होतो, हे अलीकडच्या अभ्यासांतून पुढे आले आहे, पण नळी सांभाळून, शेजारी लाळ-कफ ओढून घेणारे सक्शन सुरू ठेवून, दातांच्या मागच्या बाजूपर्यंत लहान मुलांचा ब्रश फिरवणे हे वेळखाऊ काम असते आणि घाई असली की पहिली गदा त्यावरच येते. येथील सकाळच्या सिस्टर ते शांतपणे करत. त्यांच्यापैकी एक केरळची मुलगी होती. तिचे मराठी तुटक असले तरी भाऊजी गुंगीत असताना प्रत्येक कृतीच्या आधी ती त्यांच्या कानाशी वाकून सांगे, “काका, आता कूस बदलते हं, डावीकडे.” गुंगीतल्या माणसाशी बोलावे हे नर्सिंगच्या पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेले असते, पण प्रत्यक्षात तसे बोलणारी माणसे थोडी. रोज सकाळी गुंगीचे औषध थांबवून रुग्ण कितपत जागा होतो आणि स्वतः श्वास घेऊ शकतो का हे पाहण्याची पद्धतही येथे नेमाने पाळली जाते. तिच्यामुळे व्हेंटिलेटर लवकर सुटतो, पण जागा होणारा रुग्ण नळीला हात घालतो, म्हणून त्या वेळी सिस्टरला खाटेपासून हलता येत नाही. एका सिस्टरकडे एकच रुग्ण असेल तरच हे जमते.

आता रात्रीबद्दल. गुंगी उतरू लागल्यावर भाऊजींना भ्रम होऊ लागला. आपण रेल्वेच्या डब्यात आहोत आणि स्टेशन निघून गेले आहे, असे ते नळीमुळे बोलता येत नसल्याने पुन्हा पुन्हा कागदावर लिहून सांगत. अतिदक्षता विभागात, त्यातही वयस्कर रुग्णांत, असा भ्रम नेहमी आढळतो आणि ओळखीचा चेहरा, नाकावर स्वतःचा चष्मा, कानात श्रवणयंत्र, रात्री मंद दिवा अशा साध्या गोष्टींनी तो आटोक्यात राहायला मदत होते. विभागप्रमुख डॉक्टरांनी नातेवाइकांपैकी एकाला रात्री शेजारी बसण्याची परवानगी दिली. भेटीची वेळ घड्याळ लावून मोजणाऱ्या रुग्णालयांच्या तुलनेत हा मोठेपणाच म्हणायचा. जाऊबाईंना जागरण सोसत नसल्याने मी बसले. ही परवानगी मिळाली नसती तर मी फक्त दिवसाची सेवा पाहून पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले असते.

येथे पाळ्या सकाळी ८ ते दुपारी २, २ ते रात्री ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८ अशा आहेत. म्हणजे जिथे माणसे सर्वांत कमी तीच पाळी सर्वांत लांब, बारा तासांची. आपल्याकडे ही विभागणी इतकी रूढ आहे की तिच्यात काही वावगे आहे असे कुणाला वाटतच नाही. आमच्या बाजूच्या सिस्टरकडे भाऊजी, शेजारची डायलिसिस सुरू असलेली एक बाई आणि मध्यरात्रीनंतर आलेला अपघातातील एक तरुण असे तिघे होते. नवा रुग्ण आला की पहिला तास दीड तास त्याचाच असतो. त्या वेळात बाईंचा पंप वाजू लागला, भाऊजींच्या नळीत कफ साचून व्हेंटिलेटर ओरडू लागला, आणि ती मुलगी हातमोजे बदलत या खाटेवरून त्या खाटेकडे अक्षरशः पळत होती. यंत्रांचे आवाज हा वेगळाच छळ आहे. मॉनिटरच्या बहुसंख्य इशाऱ्यांवर प्रत्यक्षात काही करावे लागत नाही, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे, आणि सतत खोटा इशारा ऐकून कान बधिर झाले की खरा इशाराही ऐकू येईनासा होतो. सकाळच्या इनचार्ज प्रत्येक रुग्णानुसार या इशाऱ्यांच्या मर्यादा बसवून घेत. रात्री दाखल झालेल्या रुग्णाचा मॉनिटर मात्र कारखान्यातून आला तसाच वाजत राहिला, कारण त्या मर्यादा बदलायला लागणारी दोन मिनिटे कुणाकडे नव्हती.

माझी मुख्य तक्रार पुढची आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, असा या विभागाचा लेखी नियम आहे. त्या रात्री दोन ते पाच या वेळात भाऊजींची कूस बदलली गेली नाही. मी शेजारीच बसले होते. व्हेंटिलेटरवरचा जड माणूस एकटीने वळवता येत नाही, नळी सांभाळायला एक आणि अंगाला धरायला निदान दोघे लागतात. त्या वेळी दुसरी सिस्टर पलीकडे एका रुग्णाला सीपीआर देत होती, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबत होती, आणि मावशी रक्ताच्या पिशव्या आणायला रक्तपेढीत गेल्या होत्या. सकाळच्या ओव्हरमध्ये पाठ पाहिली तेव्हा माकडहाडाजवळ रुपयाएवढा लाल डाग होता, बोटाने दाबल्यावर तो पांढरा पडत नव्हता. बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, ही पहिली पायरी. चार्टवर मात्र दोन, चार आणि सहा वाजता कूस बदलल्याच्या नोंदी होत्या, एकाच शाईत आणि एकाच दमात लिहिलेल्या.

हे वाचून कुणाला त्या मुलीचा राग येईल, पण मला आला नाही. चार्ट रिकामा ठेवला तर मेमो मिळतो आणि भरला तर कुणी विचारत नाही, अशी व्यवस्था असली की चार्ट भरले जातात. इनचार्ज सिस्टरांचे मला कौतुक वाटले ते इथे. त्यांनी त्या मुलीला सर्वांसमोर फैलावर घेतले नाही. घटनेचा फॉर्म भरताना कारणाच्या रकान्यात “रात्री एका सिस्टरकडे तीन रुग्ण, एक नवीन दाखल” असे स्पष्ट लिहिले, आणि डाग बरा होईपर्यंत त्या जागेवर भार येऊ नये म्हणून कूस बदलण्याचे वेळापत्रक स्वतः तपासत राहिल्या. डाग पुढे वाढला नाही.

बेडसोर हा नशिबाचा भाग आहे असे नातेवाइकांना अनेकदा सांगितले जाते. ते मला पटत नाही. केईएम रुग्णालयाच्या परिचारिकांनी हल्ल्यात मेंदूला इजा होऊन अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना 1973 पासून 2015 मध्ये त्या जाईपर्यंत सांभाळले, आणि इतक्या वर्षांत त्यांना एकदाही बेडसोर झाला नाही याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात घेतली आहे. त्यासाठी फार महाग यंत्रे लागत नाहीत, हात लागतात आणि ते वेळेवर मोकळे असावे लागतात.

किती हात हवेत, याचे उत्तरही केव्हाच मिळालेले आहे. अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. रुग्णालयांना मानांकन देणारी एनएबीएच व्हेंटिलेटरवरील रुग्णांसाठी एकास एक आणि इतरांसाठी दोनास एक, असे प्रमाण धरते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील 168 रुग्णालयांचा एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत, परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला की 30 दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी आणि परिचारिका कामाने पिचून जाण्याची शक्यता 23 टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. रुग्णाची काळजी आणि सिस्टरची काळजी ही दोन वेगळी खाती नाहीत, हे त्या अभ्यासाने आकड्यांत मांडले. कॅलिफोर्नियाने तर अतिदक्षता विभागात एका परिचारिकेकडे दोनपेक्षा जास्त रुग्ण नकोत अशी मर्यादा कायद्याने घातली आणि ती 2004 पासून लागूही केली. आपल्याकडची प्रमाणे कागदावर त्याहूनही चांगली आहेत.

कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी या रुग्णालयाने काहीच केलेले नाही असे म्हणता येणार नाही, परंतु जे केले आहे ते बरेचसे दिवसाकडे पाहून केलेले आहे. विभागामागे सिस्टरांसाठी एक लहान खोली आहे, तिथे फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि पाय पसरता येतील अशा दोन खुर्च्या आहेत. दुपारी त्या आळीपाळीने तिथे जाऊन जेवतात आणि त्या वेळात त्यांचा रुग्ण इनचार्ज सांभाळतात. रात्री सांभाळणारे कुणी नसते. आमच्या सिस्टरने साडेतीनच्या सुमारास नर्सिंग स्टेशनवर, जिथे खाण्याला सक्त मनाई असल्याची पाटी आहे तिथेच, पाटीकडे पाठ करून डब्यातली अर्धी पोळी खाल्ली आणि पंप वाजला म्हणून डबा तसाच मिटला. मानसिक ताण कमी करण्यासाठी दर गुरुवारी दुपारी चार वाजता योगवर्ग असल्याचे सूचनाफलकावर लिहिले होते. दुपारी चारला एक पाळी खाटांशी जुंपलेली असते आणि रात्रपाळी रात्रीची तयारी म्हणून झोपलेली असते, तेव्हा या वर्गाला नेमके कोण जाते याचे मला अजूनही कुतूहल आहे.

पाठीच्या दुखण्याचेही तसेच. जड रुग्ण वर ओढताना आणि वळवताना सिस्टरांची कंबर कामातून जाते, माझीही गेलेली आहे. घसरत्या कापडाची स्लाइड शीट वापरली तर निम्मी ओढाताण वाचते. या विभागात ती विकत आणलेली आहे, पण रात्री ती स्टोअरमध्ये कुलुपात असते आणि किल्ली इनचार्जबरोबर घरी जाते.

मात्र एक गोष्ट मला फार आवडली. एका तरुण रुग्णाचा मृत्यू झाल्यावर डॉक्टर आणि इनचार्ज यांनी त्या पाळीतील सगळ्यांना बाजूच्या खोलीत दहापंधरा मिनिटे बसवले. वॉर्डातले मामा आणि सफाईच्या मावशीही त्यात होत्या. काय झाले, काय जमले, काय राहिले, एवढेच बोलणे झाले आणि एका ब्रदरला, म्हणजे पुरुष परिचारकाला, रडू आले तेव्हा कुणी त्याला गप्प केले नाही. माझ्या उमेदीच्या काळात मृतदेह बांधून होताच पुढच्या खाटेचा इंडेंट, म्हणजे सामानाचे मागणीपत्र, लिहायला बसावे लागे. या पंधरा मिनिटांना रुग्णालयाचा एक पैसाही लागत नाही.

सुरक्षेची व्यवस्था ठीक म्हणावी अशी आहे. वैद्यकीय सेवकांवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे सांगणारी 2010 च्या राज्य कायद्याची पाटी प्रतीक्षाकक्षात ठळक लावली आहे आणि दारावर रात्रीही रखवालदार असतो. त्याहून अधिक उपयोग होतो तो रोज सायंकाळी डॉक्टरांनी नातेवाइकांना बसवून, न कंटाळता, साध्या मराठीत परिस्थिती सांगण्याचा. माहिती मिळाली नाही की माणसे संतापतात आणि त्यांचा संताप समोर दिसणाऱ्या सिस्टरवर निघतो.

बिलाबद्दल थोडेच लिहिते, कारण अतिदक्षता विभाग म्हटला की खर्च येणारच. तपशीलवार बिल मागताच मिळाले आणि त्यात लपवाछपवी दिसली नाही. त्यात ‘नर्सिंग चार्जेस’ अशी रोजची ओळ आहे. ही रक्कम चोवीस तासांसाठी सारखीच आकारली जाते, रात्री सिस्टर तिघांत वाटून घ्यावी लागली म्हणून ती कमी होत नाही. त्यातले सिस्टरच्या हाती काय पडते हा प्रश्न आपल्याकडे नेहमी अवघड ठरलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान वीस हजार रुपये द्यावेत आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे, अशी शिफारस केली होती. बऱ्याच ठिकाणी ती शिफारसच राहिली. परिणामी मुली दोन वर्षे येथे काम शिकतात आणि अनुभवाचे प्रमाणपत्र हातात पडताच आखातात, ब्रिटनमध्ये, आता जर्मनीतही जातात. रात्रपाळीत मला दिसलेल्या बहुतेक सिस्टर नुकत्या जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, होऊन आलेल्या होत्या, हा योगायोग नव्हे. जास्त अनुभवाची माणसे दिवसा डॉक्टरांच्या राउंडसाठी ठेवायची आणि नवखी रात्री एकटी सोडायची, ही वाटणी मला कधीच पटलेली नाही.

घरी जाताना अभिप्रायाचा फॉर्म हाती दिला गेला. स्वच्छता, जेवण, पार्किंग आणि “परिचारिकांचे वागणे हसतमुख होते का” असे प्रश्न त्यात होते. हसतमुख या रकान्यासमोर खूण करून मी मागच्या कोऱ्या बाजूला रात्रीचे प्रमाण, स्लाइड शीटची किल्ली आणि जेवणाच्या वेळेसाठी रात्री एक जादा सिस्टर असावी, हे तीन मुद्दे लिहून दिले. काही दिवसांनी मेट्रनचा, म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेचा, फोन आला. स्लाइड शीट आता विभागातच उघड्या कपाटात ठेवली आहे आणि नव्या रुग्णाच्या मॉनिटरच्या मर्यादा रात्रीच्या डॉक्टरांनी बसवायच्या असे ठरले आहे, असे त्यांनी सांगितले. जादा सिस्टरचा प्रस्ताव व्यवस्थापनाकडे गेला आहे, पुढच्या आर्थिक वर्षात पाहू असे उत्तर आहे. मेट्रनबाईंच्या आवाजावरून असे प्रस्ताव त्यांनी पूर्वीही पाठवले असावेत असे वाटले.

पुन्हा वेळ आली तर मी रुग्णाला येथेच नेईन. येथील डॉक्टर स्पष्ट बोलतात, इनचार्ज जागरूक आहेत आणि चूक झाली तर ती कागदावर उतरते. येथे किंवा आणखी कुठेही आपला माणूस अतिदक्षता विभागात ठेवताना खोलीभाडे आणि विमा यांबरोबर आणखी दोन गोष्टी काउंटरवर विचारून घ्याव्यात. रात्रीच्या पाळीत एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात, आणि रुग्णाला भ्रम झाला तर घरचे माणूस शेजारी बसू देता का? पहिल्याचे उत्तर द्यायला काउंटरवरच्या माणसाला आत फोन करावा लागेल, तोवर थांबावे. सध्या या विभागाला माझे पाचपैकी साडेतीन तारे आहेत. रात्री तिनाऐवजी दोनच रुग्ण एका सिस्टरकडे आले, तर मी साडेचार करेन.